उतारवयातील सोबत : लाज कोणाची, जबाबदारी कोणाची?

अमेरिकेतील एबीसी वाहिनीवर २००२ पासून ‘द बॅचलर’ नावाचा एक कार्यक्रम चालतो. एक तरुण अनेक तरुणींना भेटतो, दर आठवड्याला काहींना गुलाबाचे फूल देतो, उरलेल्यांना निरोप देतो आणि शेवटी एकीची निवड करतो. २८ सप्टेंबर २०२३ रोजी याच कार्यक्रमाची एक नवी आवृत्ती सुरू झाली, ‘द गोल्डन बॅचलर’. या वेळी निवड करणारे गृहस्थ होते इंडियाना राज्यातील बहात्तर वर्षांचे विधुर गेरी टर्नर. त्यांच्यासमोर साठ ते पंचाहत्तर या वयातील बावीस स्त्रिया होत्या. कोणी विधवा, कोणी घटस्फोटित. बहुतेक जणी आजी झालेल्या.

ही बातमी आपल्याकडे पोहोचली तेव्हा दोन प्रतिक्रिया उमटल्या. काही जण हसले. काहींनी ‘पाश्चात्त्यांचा निर्लज्जपणा’ म्हणून तिचा निषेध केला. हसणे आणि निषेध करणे या दोन्ही गोष्टी सोप्या आहेत, कारण दोन्हींत विचार करावा लागत नाही. या घटनेत खरे तर दोन वेगळे प्रश्न आहेत आणि ते एकमेकांत मिसळले की उत्तर चुकते. पहिला प्रश्न इच्छेचा आहे : साठी-सत्तरी उलटलेल्या माणसाने जोडीदाराची इच्छा धरावी काय? दुसरा प्रश्न मार्गाचा आहे : ती इच्छा अशा रीतीने पूर्ण करू पाहावी काय? मार्ग चुकीचा असला म्हणून इच्छा चुकीची ठरत नाही.

इच्छेचा प्रश्न

मराठी भाषेत ‘म्हातारचळ’ असा एक शब्द आहे. वृद्धाच्या मनात प्रेमाची वा लग्नाची इच्छा दिसली की हा शब्द त्याच्यावर फेकला जातो. या उपहासामागे एक खरी सामाजिक जखम आहे, हेही मान्य केले पाहिजे. एके काळी पैसेवाले वृद्ध गरिबांच्या कोवळ्या मुली विकत घेतल्यासारख्या लग्न करून आणीत. गोविंद बल्लाळ देवल यांचे ‘संगीत शारदा’ हे नाटक १८९९ मध्ये रंगभूमीवर आले ते याच जरठ-कुमारी विवाहाविरुद्ध. तो निषेध योग्यच होता. परंतु तो अन्यायाचा निषेध होता, वृद्धत्वाचा नव्हे. एका विधुराने आपल्या वयाच्या विधवेशी तिच्या राजीखुशीने विवाह करणे यात कोणाची शारदा बळी जाते?

पवित्र कुरआनमध्ये (सूरह नूर : ३२) जोडीदाराविना असलेल्यांसाठी ‘अयामा’ हा शब्द आला आहे. त्यात अविवाहित, विधवा, विधुर, घटस्फोटित असे सर्व येतात. या शब्दाला वयाची अट नाही. सूरह रूमच्या एकविसाव्या आयतीत जोडीदार हे अल्लाहच्या निशाण्यांपैकी एक म्हणून सांगितले आहेत आणि त्याचा हेतू शांती, प्रेम व दया असा वर्णिला आहे. त्या ठिकाणी अपत्यप्राप्तीचा उल्लेख नाही. अपत्य ही मोठी देणगी खरी, पण निकाहचा अर्थ तेवढ्यावर संपत नाही. संततीचे वय सरले तरी शांतीची गरज सरत नाही. उलट घर रिकामे होते तेव्हा ती वाढते.

येथे एक आक्षेप घेतला जातो. सूरह नूरच्या साठाव्या आयतीत ज्या वृद्ध स्त्रियांना विवाहाची आशा उरलेली नाही, त्यांना वरच्या वस्त्राबाबत काही सवलत दिली आहे. यावरून कोणी म्हणते की वृद्धेने विवाहाची आशा ठेवूच नये. हा अर्थ आयतीतून निघत नाही. आयत एका अवस्थेचे वर्णन करून तिच्यासाठी सवलत देते. ती कोणावर बंदी घालीत नाही. आजाऱ्याला रोजा सोडण्याची सवलत आहे म्हणून आजाऱ्याने बरे होण्याची आशा सोडावी, असे कोणी म्हणत नाही.

प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या जीवनचरित्रात तर या विषयाची फार सुंदर उदाहरणे आहेत. ह. उम्मे सलमा (र.) यांचे पती उहुदच्या जखमेने निवर्तले. पुढे प्रेषितांकडून (स.) मागणी आली तेव्हा त्यांनी तीन अडचणी मोकळेपणाने सांगितल्या : माझे वय झाले आहे, माझा स्वभाव मत्सरी आहे आणि मला मुले आहेत. प्रेषितांनी (स.) त्यांपैकी एकीलाही हसून टाळले नाही. वय तर माझेही झाले आहे, मत्सर अल्लाह दूर करील आणि तुमची मुले ती माझीच, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले. उतारवयात विवाह करू पाहणाऱ्या प्रत्येकाच्या मनातील तीन भीती या संवादात आल्या आहेत आणि तिन्हींचे उत्तरही.

आणखी एक भीती असते : नवा जोडीदार आला की गेलेल्याशी बेइमानी होईल. ‘गोल्डन बॅचलर’मध्ये दिवंगत जोडीदाराच्या आठवणीने अश्रू ढाळणारी माणसे दिसली. स्वतः टर्नर यांची पत्नी त्रेचाळीस वर्षांच्या संसारानंतर २०१७ मध्ये निवर्तली होती. त्या अश्रूंची थट्टा करू नये. ह. खदीजा (र.) यांच्या निधनानंतर कितीतरी वर्षांनीही प्रेषित (स.) त्यांचा उल्लेख करीत आणि बकरी कापली की त्यांच्या मैत्रिणींना मांस पाठवीत. हे सांगतात स्वतः ह. आयशा (र.), आणि त्या दिवंगत सवतीबद्दल वाटणारा मत्सरही त्या लपवीत नाहीत. जुनी निष्ठा आणि नवा संसार एकाच हृदयात सन्मानाने राहू शकतात, याचा यापेक्षा मोठा दाखला कोणता हवा?

मार्गाचा प्रश्न

इच्छा निर्दोष आहे. आता मार्ग पाहू. शरीअतने विवाहेच्छूंना एकमेकांना पाहण्याची परवानगी दिली आहे, ह. मुगीरा बिन शोअबा (र.) यांना प्रेषितांनी (स.) तसा सल्लाच दिला होता. बोलावे, विचारावे, स्वभाव जाणून घ्यावा. मनाई आहे ती परक्या स्त्री-पुरुषाच्या एकांताची आणि देहस्पर्शाची. वय वाढले म्हणून ही मर्यादा सुटत नाही. या कार्यक्रमाचा तर पायाच या मर्यादा ओलांडण्यावर आहे.

पण माझ्या मते याहून खोल दोष दुसरीकडे आहे. एका भावाच्या मागणीवर दुसऱ्याने मागणी घालू नये, असे प्रेषितांनी (स.) सांगितले आहे (बुखारी व मुस्लिम). तेथे मागणाऱ्या पुरुषांना ताकीद आहे, येथे स्पर्धा स्त्रियांत आहे. परंतु त्या आदेशामागची भावना अशी की, जेथे एका माणसाचे मन गुंतले आहे, तेथे दुसऱ्याला घुसवून त्या मनाची बाजारपेठ करू नये. येथे बावीस मने एकाच वेळी गुंतवली जातात आणि एकवीस मोडली जातात. ती मोडण्याचा क्षण हाच प्रेक्षकांसाठी मुख्य देखावा असतो. सत्तर वर्षांच्या आजीला नाकारले जाताना पाहणे, ही करमणूक कशी होऊ शकते?

आपल्याकडे निकाह जाहीर करण्याचा आदेश आहे, तर मागणी शक्यतो गुप्त ठेवणे काही फुकहांनी पसंत केले आहे. त्यामागे शहाणपण आहे : मागणी फिसकटली तर दोन्ही बाजूंची अब्रू झाकलेली राहावी. दूरचित्रवाणीने हा क्रम उलटा केला. जे झाकायचे ते तिने उघडे केले.

पुढे काय झाले? टर्नर आणि थेरेसा निस्ट यांचा विवाह ४ जानेवारी २०२४ रोजी थेट प्रक्षेपणात पार पडला आणि १२ एप्रिल २०२४ रोजी दोघांनी घटस्फोट घेत असल्याचे जाहीर केले. त्यांनी सांगितलेले कारण विचार करण्याजोगे आहे. एकाचे कुटुंब इंडियानात, दुसरीचे न्यू जर्सीत. आपापली मुले-नातवंडे सोडून जाणे कोणालाच जमेना. यात हर्ष मानण्यासारखे काही नाही. संसार आपल्याकडेही मोडतात. परंतु गावातील एखाद्या अनुभवी बाईने मध्यस्थी केली असती, तर तिने पहिल्या भेटीतच विचारले असते, ‘राहणार कुठे?’ उतारवयातील विवाह दोन जीवांचा नसतो. दोन भरलेल्या घरांचा असतो. याच कार्यक्रमातील जोन वासोस या विधवा स्पर्धक आपल्या बाळंतीण मुलीसाठी खेळ अर्धवट सोडून निघून गेल्या होत्या. २०२४ मध्ये त्यांच्यासाठी ‘द गोल्डन बॅचलरेट’ नावाचा स्वतंत्र कार्यक्रम झाला. पण त्यांचे ते निघून जाणे सांगते की आईपण कॅमेऱ्यासमोरही निवृत्त होत नाही.

आपल्या दाराशी

तरीही प्रश्न उरतोच. ही माणसे तेथे का गेली? प्रत्येकाचे मन अल्लाह जाणतो. परंतु ज्याच्यासाठी कोणी स्थळ पाहत नाही, त्याला स्वतःचे स्थळ स्वतःच बाजारात मांडावे लागते, एवढे उघड आहे.

येथे सूरह नूरच्या त्या आयतीकडे पुन्हा वळू. तिच्यातील क्रियापद लक्षपूर्वक पाहावे. ‘विवाह करा’ असे ते नाही. ‘विवाह लावून द्या’ असे आहे. आज्ञा एकट्या माणसाला नाही, त्याच्या भोवतीच्या समाजाला आहे. सूरह बकराच्या २३४ व्या आयतीतही विधवेची चार महिने दहा दिवसांची इद्दत संपल्यावर तिने रीतीनुसार स्वतःविषयी जे करावे त्यात ‘तुमच्यावर’ दोष नाही, असे भोवतालच्यांनाच सांगितले आहे. जणू तिच्या वाटेत कोण उभे राहील, हे आधीच माहीत होते.

ईशाच्या नमाजनंतर एक वयस्क नमाजी माझ्यापाशी थांबले. पत्नी जाऊन चार वर्षे झालेली. सगळे निघून जाईपर्यंत ते चपला शोधीत राहिले आणि मग हळूच म्हणाले, “मौलाना, या वयात निकाह करणं गुनाह आहे का?” मी नाही म्हणालो. ते म्हणाले, “मग हे माझ्या मुलांना तुम्ही सांगाल?” मसला त्यांना ठाऊक होता. त्यांना बोलणारा हवा होता.

मुलांच्या विरोधाची कारणे दोन : लाज आणि मालमत्ता. लाजेविषयी वर लिहिलेच आहे. मालमत्तेची भीती मात्र उघडपणे बोलली पाहिजे. सूरह निसाच्या बाराव्या आयतीनुसार पतीला अपत्ये असतील तर पत्नीचा वाटा एक अष्टमांश आणि पत्नीला अपत्ये असतील तर पतीचा एक चतुर्थांश. तो अल्लाहने ठरवलेला आहे. ‘वाटा सोडशील तरच निकाह’ असे आधी लिहून घेण्याची युक्ती फिकहच्या दृष्टीने निरर्थक आहे, कारण वारसाहक्क मृत्यूनंतरच निर्माण होतो. मात्र वडिलांना राहते घर मुलांना द्यायचे असेल तर निकाहपूर्वी, हयातीत, सर्व मुला-मुलींत न्यायाने आणि कब्जा देऊन हिबा करता येतो. नव्या जोडीदाराला ते स्पष्ट सांगावे, तिच्या निवाऱ्याची सोय करावी, महर रोख द्यावा. एका संध्याकाळी बसून सुटणारा प्रश्न आपण वर्षानुवर्षे मौनाने कुजवतो आणि त्याला घराण्याची इज्जत असे नाव देतो.

मुलांना आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. हनफी फिकहमध्ये विधवा आईच्या निकाहसाठी वली म्हणून पहिला क्रम मुलाचा आहे. कोकणातील आपले शाफई बांधव केवळ मुलगा या नात्याने त्याला वली मानीत नाहीत; पण आईची स्पष्ट संमती दोन्हीकडे अनिवार्य आहे आणि तिचा स्वतःवरील अधिकार हदीसने ठळक केला आहे. म्हणजे जो मुलगा दारात आडवा उभा राहतो, त्याच्याचकडे हनफी फिकहने ते दार उघडण्याचे काम दिले आहे.

हे काम आपल्या बुजुर्गांनी करून दाखवले आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी उत्तर हिंदुस्थानातील शरीफ घराण्यांत विधवेचा निकाह कलंक मानला जाई. सय्यद अहमद शहीद (रह.) यांनी नुसती भाषणे केली नाहीत, दिवंगत भावाच्या विधवेशी स्वतः निकाह करून ती रूढी मोडली. आणि ह. खदीजा (र.) यांच्या निधनानंतर प्रेषितांच्या (स.) घरातील एकाकीपण पाहून ह. खौला बिन्त हकीम (र.) स्वतःहून पुढे आल्या, त्यांनी निकाहचा विषय काढला आणि ह. सौदा (र.) या विधवेचे स्थळ सुचवले. एकट्या माणसाला तोंड उघडावे लागले नाही.

आपल्या प्रत्येक मोहल्ल्यात अशा एखाद्या खौलाची गरज आहे. जमातीने तरुणांसाठी स्थळांची वही ठेवावी तशी विधवा-विधुरांचीही ठेवावी. ती एका विश्वासू स्त्रीच्या आणि एका विश्वासू पुरुषाच्या ताब्यात असावी. नावे बाहेर जाऊ नयेत. भेट नातलगांच्या उपस्थितीत व्हावी. तीन गोष्टींना उशीर करू नये असे तिर्मिजीतील एका हदीसमध्ये आले आहे : वेळ झालेली नमाज, तयार असलेला जनाजा आणि जोड मिळालेल्या एकट्या स्त्रीचा निकाह. पहिल्या दोन बाबींत आपण धावपळ करतो. तिसरीचा संबंध आईशी वा आत्याशी आला की आपण तिच्या वयाकडे बोट दाखवतो.

ज्यांना एकटे राहणेच आवडते त्यांच्यावर कोणी सक्ती करू नये. तीही सन्मानाची निवड आहे. पण ती निवड असावी, शिक्षा नसावी. आईवडिलांच्या वार्धक्यात त्यांना ‘उफ्’ही म्हणू नये, अशी आज्ञा आहे. त्यांनी मोठ्या धीराने काढलेल्या विषयावर आपण हसतो, ते त्या ‘उफ्’पेक्षा कमी आहे काय?

अल्लाह आपणांस आपल्या वडीलधाऱ्यांचे न बोललेले शब्द ऐकण्याची बुद्धी देवो आणि त्यांची उरलेली वाट सोबतीची व समाधानाची करो. आमीन.