नॉमिनीच्या रकान्यापलीकडे

वाघाच्या हल्ल्यात माणूस गेला, तर महाराष्ट्र सरकार त्याच्या वारसांना 25 लाख रुपये देतं. सगळी रक्कम एकदम हातात पडत नाही. काही भाग लगेच मिळतो, उरलेला वारसांच्या नावे मुदत ठेवीत राहतो. ताडोब्याच्या दारातलं मोहर्ली असो की त्याच्या आजूबाजूची गावं, मोहफुलं वेचायला आणि तेंदूपत्ता तोडायला पहाटे रानात शिरणाऱ्या घरांना हा नियम ठाऊक आहे. पैसा आज द्यायचा, पण तो उद्या-परवाच्या गरजेसाठी बांधून ठेवायचा, हे विश्वस्त व्यवस्थेचं तत्त्व त्यात आहे. सरकारी भरपाईची एवढी काळजी वाहणारे आपण, माणसानं हयातीत स्वतः साठवलेल्या पैशांची मात्र एका रकान्यात बोळवण करतो. तो रकाना म्हणजे नॉमिनी.

मोहर्ली गेटवर जिप्सी चालवणारा एखादा तरुण डोळ्यांसमोर आणा. खातं उघडलं तेव्हा लग्न झालेलं नव्हतं, म्हणून नॉमिनी थोरला भाऊ. पुढे लग्न झालं, दोन मुली झाल्या, पासबुकं बदलली, भावाचं नाव तसंच राहिलं. भविष्य निर्वाह निधीत कुटुंब नसताना केलेलं नामनिर्देशन लग्नानंतर आपोआप रद्द होतं. बँकेच्या खात्यात तसं होत नाही. उद्या तो तरुण गेला, तर मृत्यू दाखला पाहून बँक पैसे भावाला देईल आणि मोकळी होईल. यात बँकेची चूक नाही. बँकिंग नियमन कायद्याचं कलम 45झेडए नेमकं एवढंच सांगतं: नॉमिनीला पैसे दिले की बँक सुटली, पण त्या पैशांवरचा इतरांचा हक्क सुटत नाही. भाऊ ती रक्कम वारसांसाठी सांभाळणारा असतो. त्यानं ती भावजयीला दिली तर प्रश्न मिटला. ‘जिप्सीचं कर्ज मीच फेडलं’ असं म्हणत त्यानं हात वर केले, तर भावजयीला दिवाणी न्यायालयाची पायरी चढावी लागते. भावाचं म्हणणं खरंही असू शकतं. पण कागदावर काहीच नसल्यानं दोघांनाही ते सिद्ध करत बसावं लागतं.

हा घोळ फक्त रानातल्या घरांचा नाही. ‘कालनिर्णय’कार जयंत साळगावकर यांनी 2011 मध्ये मृत्युपत्र केलं होतं, 20 ऑगस्ट 2013 रोजी त्यांचं निधन झालं. शेअर आणि म्युच्युअल फंडांवर नॉमिनींची नावं होती. मग नॉमिनी मालक, की मृत्युपत्र आणि वारसा कायदा सांगेल तो मालक, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 14 डिसेंबर 2023 रोजी निकाल लागला: नॉमिनी मालक नव्हे. बँक ठेवींबाबत तेच न्यायालय 2010 मध्येच असं म्हणालं होतं. शेअरच्या बाबतीत मात्र त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयातून उलटा निकाल आला होता आणि तो दुरुस्त व्हायला 2016 उजाडलं. न्यायमूर्तींचं एकमत व्हायला एवढा काळ लागतो, तिथे खातेदाराचा समज पक्का कसा असावा?

अमेरिकेत गेलेल्या मराठी घरांची गंमत वेगळीच. तिथे 1904 मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयानं टॉटन खटल्यात मान्य केलं, की ‘अमक्यासाठी विश्वस्त’ म्हणून उघडलेलं बचत खातं खातेदाराच्या पश्चात त्या अमक्याचं होतं. हयातीत खातेदारानं पैसे काढावेत, मन बदलावं. मागे उरेल ते लाभार्थ्याचं. तिथला लाभार्थी मालक होतो, इथला नॉमिनी होत नाही. दोन्हीकडे खाती असणारी माणसं तोच अर्थ पुण्या-नागपूरच्या ठेवींना लावतात आणि फसतात.

आता चंद्रपूर-गडचिरोलीत आणखी एक पदर आहे. हिंदू उत्तराधिकार कायदा 1956 अनुसूचित जमातींना लागू नाही. कलम 2(2) मध्येच तसं म्हटलं आहे. गोंड, माना, कोलाम, माडिया घरांत वारस ठरतो तो रूढीनं. रूढी मात्र पुस्तकात छापलेली नसते. छत्तीसगडमधल्या एका गोंड कुटुंबाच्या वादात सर्वोच्च न्यायालयानं जुलै 2025 मध्ये सांगितलं, की स्त्रीला हिस्सा न देणारी रूढी सिद्ध झाली नसेल, तर तो नाकारता येणार नाही. निकाल मोलाचा आहे, पण तो मिळवायला त्या स्त्रीच्या वारसांना दिल्लीपर्यंत जावं लागलं. कायदा जिथे मुका आहे, तिथे माणसानं स्वतः बोलून ठेवायला हवं.

कायद्याच्या बाजूनं वाट रुंद होते आहे. 1 नोव्हेंबर 2025 पासून ठेवींना चार नॉमिनी ठेवता येतात आणि प्रत्येकाचा वाटाही लिहिता येतो. पण वाटा लिहिला तरी नॉमिनी हा सांभाळणाराच. म्हणून खरा कागद मृत्युपत्राचा. त्याला स्टॅम्प पेपर लागत नाही. खातेदाराची सही किंवा अंगठा आणि दोन साक्षीदार पुरतात. मुली लहान असतील तर त्यातच लिहावं: रक्कम अमक्या विश्वस्ताकडे राहील, व्याज शाळेला, मुद्दल मुलगी एकवीस वर्षांची झाल्यावर. भारतीय न्यास कायदा 1882 पासून आहे, तो फक्त धनिकांसाठी नाही. हयातीत वेगळा न्यास उभारून बँक खातं चालवणं मात्र पॅन, हिशेब, कर यांच्यामुळे लहान ठेवीला परवडत नाही, हेही खरं.

विश्वस्त कोण, हाच यातला अवघड भाग. गावात विश्वासाची माणसं असतात, पण नातं आणि हिशेब एकाच हातात दिले की दोन्ही बिघडतात. म्हणून मला वाटतं, विश्वस्त दोन असावेत, एक सासरचा, एक माहेरचा. आणि नॉमिनी तोच, जो विश्वस्त आहे. मग बँकेचा कागद आणि घरचा कागद एकमेकांशी भांडत नाहीत.

ताडोब्याचा गाभा 1 जुलै ते 30 सप्टेंबर बंद असतो. गाईड, जिप्सीचालक, रिसॉर्टचे कामगार त्या काळात गावात सापडतात. ग्रामपंचायत आणि बँकेनं एखादा दिवस ठरवून पासबुकावरची नावं तपासली, नॉमिनीचे फॉर्म बदलून घेतले आणि मृत्युपत्राचा साधा नमुना समोर ठेवला, तर विधवेच्या न्यायालयातल्या कितीतरी खेपा वाचतील. भरपाईचे पैसे कसे बांधायचे ते सरकार ठरवतं. घामाचे पैसे कसे बांधायचे ते ज्याचा घाम त्यानं ठरवावं.