प्रवेशानंतरचा वर्ग

कॉलेजच्या स्टाफरूममध्ये दर जुलै-ऑगस्टला एक तक्रार हमखास ऐकू येते: "मुलं बोलतच नाहीत." प्रश्न विचारला की सगळ्या माना खाली. मग पुढच्या बाकांवरचे दोघे-तिघे उत्तर देतात, सर किंवा मॅडम मान डोलावतात आणि तास पुढे सरकतो. उरलेल्या शंभरेक जणांविषयीचा निष्कर्ष चहाचा कप खाली ठेवण्याआधीच निघालेला असतो. रस नाही, वाचन नाही, पाया कच्चा.

अमेरिकेतल्या मेरी बड रो या विज्ञानशिक्षणाच्या अभ्यासक. 1970 च्या दशकात त्यांनी शाळांमधल्या तासांची ध्वनिमुद्रणं ऐकून एक साधी गोष्ट मोजली. प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तरासाठी किती थांबतात? सरासरी जेमतेम एक सेकंद. तेवढ्यात कुणी बोललं नाही तर ते स्वतःच उत्तर देतात, नाहीतर दुसऱ्या मुलाकडे वळतात. हा अवधी तीन सेकंदांपर्यंत नेला तेव्हा उत्तरं लांबली, 'माहीत नाही' म्हणणं घटलं आणि शिक्षकांनी ज्यांना मागे पडलेलं ठरवलं होतं ती मुलंही बोलू लागली.

शाळेत मोजलेली ही गोष्ट आपल्याकडच्या पदवीच्या वर्गाला जास्तच लागू पडते. धडगावजवळच्या पाड्यावरून आलेल्या मुलीच्या कानावर इंग्रजी प्रश्न पडतो. ती त्याचं मनातल्या मनात मराठी करते आणि तेही अनेकदा पुरत नाही, कारण तिच्या घरात पावरी बोलतात. उत्तराला त्याच वाटेने उलटं यायचं असतं. एका सेकंदात हा प्रवास होत नाही. म्हणून 'मराठीत शिकवा म्हणजे झालं' हा उपायही वाटतो तितका सरळ नाही. 2021 मध्ये अभियांत्रिकीचं शिक्षण भारतीय भाषांमधून देण्याची परवानगी मिळाली, काही महाविद्यालयांनी मराठीचीही निवड केली, हे चांगलंच झालं. पण मेळघाटातल्या कोरकू मुलासाठी किंवा भामरागडच्या माडिया मुलीसाठी प्रमाण मराठी ही शाळेत भेटलेलीच भाषा असते. 2011 च्या जनगणनेत, पावरी ज्यात येते त्या भिली गटातल्या भाषा बोलणारे देशभरात एक कोटीहून अधिक निघाले. महाविद्यालयाच्या वेळापत्रकात त्यांची कुठेच नोंद नसते.

वर्ग बदलला आहे, हे आकडेही सांगतात. अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार 2021-22 मध्ये देशात 4.33 कोटी विद्यार्थी उच्च शिक्षण घेत होते. त्यांत 2.07 कोटी मुली, अनुसूचित जातींचे 66 लाखांहून अधिक आणि जमातींचे सुमारे 27 लाख विद्यार्थी होते. 2014-15 नंतर जमातींच्या विद्यार्थ्यांची संख्या 65 टक्क्यांनी वाढली. महाराष्ट्र विद्यार्थिसंख्येत उत्तर प्रदेशाच्या खालोखाल आहे. इथे राखीव जागा आहेत, वसतिगृहं आहेत, ती न मिळालेल्यांसाठी 'स्वाधार' आणि 'स्वयम्' योजना आहेत. 2024-25 पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शुल्कही माफ झालं आहे. शिष्यवृत्तीच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज अडकतात, हप्ते उशिरा येतात, ती रडकथा वेगळी. तरीही दारापर्यंत येण्याची काही एक वाट आपण बांधली आहे. प्रवेशासाठी मोर्चे निघतात, खटले लढवले जातात. वर्गातल्या पन्नास मिनिटांसाठी मात्र कुणी मोर्चा काढल्याचं ऐकिवात नाही.

व्यवस्थेने या पन्नास मिनिटांचा विचारच केला नाही असं नाही. महाविद्यालयांची तपासणी करणाऱ्या नॅकच्या मूल्यांकनात अध्यापनाच्या निकषाखाली विद्यार्थ्यांच्या वैविध्यासाठी स्वतंत्र जागा आहे. त्यापायी अनेक महाविद्यालयांत 'स्लो लर्नर' आणि 'अ‍ॅडव्हान्स्ड लर्नर' अशा दोन फायली निघतात. पहिल्या महिन्यात चाचणी, तिच्या गुणांवरून याद्या आणि कमी गुणवाल्यांसाठी रेमेडियल वर्ग. तो वर्ग बहुतेकदा मुख्य वेळापत्रक संपल्यावर ठेवतात. ज्यांच्यासाठी तो असतो त्यांतली निम्मी मुलं तेव्हा गावाकडच्या एसटीसाठी स्टँडवर उभी असतात. काही जण मोबाइलच्या दुकानात किंवा मेडिकलमध्ये कामावर गेलेले असतात. सह्यांचा कागद भरतो, फाइल जाड होते.

पण वेळेपेक्षा मोठी अडचण त्या यादीत आहे. या बाबतीत बर्कलीतला एक जुना अनुभव फार बोलका आहे. 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धात युरी ट्रीझमन हा गणिताचा तरुण अभ्यासक कॅलिफोर्निया विद्यापीठात कॅल्क्युलसच्या वर्गांत मदतीला होता. कृष्णवर्णीय विद्यार्थी मोठ्या संख्येने नापास होत आणि चिनी वंशाचे विद्यार्थी उत्तम गुण मिळवत. का, असं विचारल्यावर शिक्षकांकडे उत्तरं तयार होती: प्रेरणा कमी, शाळेतली तयारी कमी, घरून पाठबळ नाही, गरिबी. आपल्या स्टाफरूममध्ये बसूनही हीच यादी जशीच्या तशी लिहिता आली असती. ट्रीझमनने दोन्ही गटांतले वीस-वीस विद्यार्थी निवडले आणि ते अभ्यास कसा करतात ते त्यांच्या खोल्यांवर जाऊन पाहिलं. तयार उत्तरांपैकी एकही टिकलं नाही. कृष्णवर्णीय मुलं मन लावून अभ्यास करत होती. आठवड्याला आठ तास, शिक्षकांनी सांगितले होते अगदी तेवढे, पण एकेकटी. चिनी मुलंही आधी स्वतंत्र बसत आणि मग संध्याकाळी एकत्र येऊन एकमेकांची उत्तरं तपासत, वाद घालत, परीक्षेत काय येईल याचा अंदाज बांधत. कोणती चूक सगळेच करतात आणि कोणती आपली एकट्याची, हे त्यांना कळत असे. एकट्याने बसणाऱ्याला प्रत्येक चूक आपल्या नालायकीचा पुरावा वाटते.

विद्यापीठाकडे दुबळ्यांसाठीचे मदतवर्ग तेव्हाही होते. ज्यांच्यासाठी ते होते ती मुलं तिकडे फिरकत नव्हती, कारण ती आपापल्या शाळांतली हुशार मुलं होती आणि दुबळेपणाचा शिक्का त्यांना नको होता. मग ट्रीझमनने उलटं केलं. मानाच्या कार्यशाळा म्हणून जाहिरात केली, वर्गात देत त्याहून अवघड गणितं दिली आणि मुलांना गटाने ती सोडवायला बसवलं. कार्यशाळेतल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांची कॅल्क्युलसमधली कामगिरी झपाट्याने सुधारली. नांदेड-परभणीच्या कॉलेजात बारावीला वर्गात पहिला आलेला मुलगा जेव्हा पुण्यात येऊन 'स्लो लर्नर'च्या यादीत स्वतःचं नाव वाचतो, तेव्हा नेमकं काय बिघडतं ते या अनुभवातून कळतं.

पुढे विज्ञान आणि गणिताच्या अध्यापनाचे 225 अभ्यास एकत्र करून 2014 मध्ये स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी हिशेब मांडला. केवळ व्याख्यान देणाऱ्या वर्गांत नापास होण्याचं सरासरी प्रमाण सुमारे 34 टक्के होतं. मुलांना तासातच प्रश्न सोडवायला, चर्चा करायला लावणाऱ्या वर्गांत ते सुमारे 22 टक्के निघालं. 2020 च्या आणखी एका एकत्रित अभ्यासात अशा अध्यापनामुळे वंचित गट आणि इतर यांच्यातली उत्तीर्ण होण्याच्या प्रमाणाची दरी 45 टक्क्यांनी कमी झालेली दिसली. हे अमेरिकेचं चित्र असल्याने आकडे तसेच इथे लावता येणार नाहीत. कारण मात्र ओळखीचं आहे. व्याख्यान ऐकून, घरी जाऊन ते उलगडायचं, ही पद्धत ज्याच्या घरी उलगडून सांगणारं कुणी आहे त्यालाच साथ देते.

महाराष्ट्राला हे नवं वाटायचं कारण नाही. डॉ. आंबेडकरांनी 1945 मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि पुढच्याच वर्षी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय निघालं. तिथले वर्ग सकाळी भरत, म्हणजे नोकरी करणाऱ्यालाही शिकता यावं. समावेशाचा निर्णय त्यांनी वेळापत्रकात घेतला होता. 1950 मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय सुरू झालं. निजामाच्या राजवटीत मराठवाड्याच्या मुलाला उच्च शिक्षणासाठी हैदराबाद गाठावं लागे आणि तिथल्या उस्मानिया विद्यापीठाचं माध्यम उर्दू. अशा भागात, ज्यांच्या घरात आधी कुणी पाटी धरली नव्हती अशी मुलं महाविद्यालयाच्या नागसेनवन या परिसरात आली. तिथे वसतिगृह होतं, झाडी होती, आणि प्राचार्य म. भि. चिटणीस यांच्यासारखी माणसं होती. चिटणीसांनी 'युगयात्रा' हे नाटक लिहिलं आणि ते तिथे रंगभूमीवर आलं. याच महाविद्यालयात शिकवणाऱ्या गंगाधर पानतावणे यांनी पुढे 'अस्मितादर्श' हे नियतकालिक चालवलं आणि दलित साहित्याच्या एका पिढीला व्यासपीठ मिळालं. या मुलांना सोपं करून दिलेलं काहीतरी पुरेल, असं तिथे कुणी धरून चाललं नव्हतं. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या 'कमवा व शिका'तही तोच विश्वास होता. मुलाने श्रम करावेत आणि पूर्ण शिक्षण घ्यावं, अर्धं नव्हे.

विश्वासाच्या उलट काय घडतं, याचा एक प्रयोग भारतातच झालेला आहे. अर्थशास्त्रज्ञ कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी 2003 च्या सुमारास उत्तर प्रदेशातल्या सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरचे भूलभुलैये सोडवायला दिले. जात जाहीर केली नव्हती त्या गटांत सवर्ण आणि दलित मुलांच्या कामगिरीत फरक नव्हता. प्रत्येकाचं नाव, गाव आणि जात सर्वांसमोर मोठ्याने वाचली त्या गटांत दलित मुलांनी सोडवलेल्या कोड्यांची संख्या सुमारे एक चतुर्थांशाने घसरली. मुलं तशीच आणि कोडीही तशीच.

आता कॉलेजातला एक नेहमीचा क्षण आठवावा. तास चालू असताना शिपाई कागद घेऊन येतो आणि सर वाचतात: "बीसीच्या मुलांनी स्कॉलरशिपच्या फॉर्मसाठी ऑफिसात जायचंय." कुणाच्याच मनात काळंबेरं नसतं. पाच-दहा जण उठतात, बाकीचे बघतात. हीच सूचना मोबाइलवर पाठवायला खर्च शून्य येतो.

सगळंच असं अजाणता घडतं असं मात्र नाही. दिल्लीच्या एम्समधल्या जातिभेदाच्या तक्रारींच्या चौकशीसाठी 2006 मध्ये सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. शिक्षकांनी टाळणं, तोंडी परीक्षेत वेगळी वागणूक, वसतिगृहात ठरावीक मजल्यांवर एकवटावं लागणं, असं बरंच तिच्या अहवालात नोंदलं आहे. संस्थेने तो अहवाल मानला नाही. 2012 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने समतेचे नियम केले. हैदराबाद विद्यापीठात संशोधन करणाऱ्या रोहित वेमुलाचा 2016 मध्ये आणि मुंबईत पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या जळगावच्या डॉ. पायल तडवीचा 2019 मध्ये मृत्यू झाला. ते नियम कागदावरच राहिल्याचं सांगत दोघांच्या मातांनी सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. असा कायदा हवाच. पण त्याच्या तावडीत उघड छळ सापडतो, व्हायवात एकाला दहा मिनिटं आणि दुसऱ्याला दोन मिळाली हे सापडत नाही.

गुणांचंही तसंच. विद्यापीठाच्या लेखी परीक्षेत उत्तरपत्रिकेवरचं नाव झाकलेलं असतं. अंतर्गत मूल्यमापनात, म्हणजे विषयाच्या बऱ्याच मोठ्या वाट्यात, नाव, आडनाव आणि चेहरा समोर असतो. रेमा हॅना आणि ली लिंडेन यांनी भारतात केलेल्या एका अभ्यासात मुलांच्या उत्तरपत्रिकांवर जात, वय, लिंग अशी माहिती चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटून चिकटवली आणि त्या शिक्षकांकडून तपासून घेतल्या. खालची मानलेली जात लिहिलेल्या पत्रिकांना थोडे कमी गुण मिळाले. आणि हा फरक प्रामुख्याने स्वतः त्याच जातींतून आलेल्या परीक्षकांच्या तपासणीत दिसला. तेव्हा चांगले प्राध्यापक आणि वाईट प्राध्यापक अशी विभागणी करून हा प्रश्न सुटत नाही. गुण कशाला किती, हे आधी लेखी ठरवून मुलांना सांगायचं आणि असाइनमेंटवर नावाऐवजी रोल नंबर घ्यायचा, एवढ्याने जे साधतं ते सद्‌भावनेवरच्या चर्चासत्राने साधत नाही.

अपंग विद्यार्थ्यांच्या बाबतीत हक्काची भाषा तरी आता रुळते आहे. 2016 च्या कायद्याने 21 प्रकारचं अपंगत्व मान्य केलं. 2021 मध्ये विकास कुमार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने लेखनिकाचा हक्क 40 टक्क्यांच्या प्रमाणपत्रापुरता बांधून ठेवता येणार नाही, असं सांगितलं. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात 2003 पासून दृष्टिबाधितांसाठीचं संसाधन केंद्र काम करतं. एरवी मात्र लेखनिक शोधणं परीक्षेच्या आदल्या आठवड्यापर्यंत त्या मुलाच्याच गळ्यात असतं, आणि फळ्यावर "हे इकडून तिकडे गेलं" असं म्हणत समीकरण सोडवणाऱ्या प्राध्यापकाला अंध विद्यार्थी काय ऐकतो याची कल्पना नसते. काय कुठे गेलं ते शब्दांत सांगायची सवय लागली तर मागच्या बाकावरच्या डोळस मुलालाही ते कळतं.

यावर प्राध्यापकांचा आक्षेप असतो आणि तो धुडकावण्यासारखा नाही. एका तुकडीत एकशेवीस मुलं, पूर्णवेळ पदं वर्षानुवर्षं रिकामी आणि तासिका तत्त्वावरचे शिक्षक दोन-तीन कॉलेजांत धावत तास घेणारे. ज्याला घेतलेल्या तासापुरतेच पैसे मिळतात, सुट्टीत तेही नाहीत, त्याच्याकडून गटकार्य आखून घेणं, असाइनमेंटवर शेरे लिहून घेणं ही फुकटची वेठ आहे. तयारीचा आणि तपासणीचा वेळ मानधनात धरल्याशिवाय समावेशक अध्यापनाची परिपत्रकं काढू नयेत. प्रश्न विचारून तीन सेकंद थांबायला पैसे लागत नाहीत हे खरं, पण अभ्यासक्रम 'संपवण्याच्या' धाकात तेवढेही परवडत नाहीत.

दुसरी गोष्ट भरतीची. शाळेत पाचवीला शिकवायचं तर डी.एड.सारखं अध्यापनाचं प्रशिक्षण लागतं. महाविद्यालयात शिकवायला नेट, सेट किंवा पीएच.डी. पुरते, आणि नेटच्या पहिल्या पेपरातली अध्यापन-क्षमता पर्यायावर टिचकी मारून सिद्ध होते. निवड समितीसमोर प्रबंधावर, शोधनिबंधांच्या संख्येवर बोलणं होतं. प्रात्यक्षिक तास झालाच तर तो समितीतल्या तज्ज्ञांसमोर होतो, म्हणजे ज्यांना तो विषय येतो त्यांच्यासमोर. तिथे त्याच कॉलेजातली पहिल्या वर्षाची पंधरा मुलं बसवावीत, वसतिगृहातली, एसटीने येणारी, पुढच्या बाकावरची अशी सरमिसळ. तासानंतर त्यांना एका कागदावर विचारावं: काय कळलं, आणि कुठे सुटलं? ते कागद मुलाखतीच्या गुणपत्रकासोबत समितीपुढे ठेवले, तर निवडीचे निकाल काही ठिकाणी तरी वेगळे लागतील.