दाखवायचं काय?

भाषांतराची कामं घरून, स्वतंत्रपणे घ्यायला लागले तेव्हा पहिली अडचण भाषेची नव्हती, स्वतःबद्दल बोलण्याची होती. आमच्या घरी आपल्या कामाची तारीफ आपणच करणं हलकं मानलं जाई. दासबोधातल्या मूर्खलक्षणांचा समास आजोबांनी पाठ करून घेतलेला, आणि त्यात आत्मस्तुती करणारा आहेच. उलट, बोलणाऱ्याची माती विकते आणि न बोलणाऱ्याचं सोनंही विकलं जात नाही, हेही त्याच घरात ऐकलं होतं. शेवटी धीर करून लिंक्डइनवर एक ओळ टाकली: 'इंग्रजी-मराठी भाषांतराची कामं स्वीकारली जातील.' ओळखीच्या दहाबारा जणांनी अभिनंदन केलं. काम एकही आलं नाही.

अशी ओळ का चालत नाही, हे कळायला मला दोन वर्षं लागली. मराठी भाषांतर विकत घेणाऱ्याला बहुतेकदा मराठी येत नाही. बंगळुरूच्या किंवा डब्लिनच्या कार्यालयात बसलेला प्रकल्प व्यवस्थापक एकाच वेळी दहा भारतीय भाषांची कामं वाटत असतो. माझी मराठी चांगली आहे की सामान्य, हे तो स्वतः पडताळू शकत नाही. शिंप्याचं गिऱ्हाईक सदरा अंगावर घालून बघतं. आमच्या गिऱ्हाईकाला तेवढीही सोय नाही. त्याला दुसऱ्या कुणाच्या तरी शब्दावर विसंबावं लागतं, आणि तो शब्द देऊ शकतात ते माझ्यासारखंच काम करणारे लोक. म्हणून समाजमाध्यमावर लिहिताना समोर ग्राहक आहे असं धरणं हीच मूळ चूक आहे, असं माझं ठाम मत झालं आहे. तिथे समव्यवसायी असतात. लिहायचं त्यांच्यासाठी.

पण लिहायचं काय? चित्रकार चित्र दाखवतो, छायाचित्रकार लग्नातले फोटो दाखवतो. भाषांतरकाराच्या बहुतेक कामांवर गोपनीयतेचा करार असतो. औषधाच्या चाचणीचं संमतिपत्र किंवा बाजारात न आलेल्या अ‍ॅपमधला मजकूर चव्हाट्यावर मांडता येत नाही, मांडूही नये. मग हातात उरतो तो विचार करण्याचा रस्ता.

एकदा मी सगळ्यांच्याच फोनवर दिसणाऱ्या एका सूचनेबद्दल लिहिलं. अमुक व्यक्ती गटात सामील झाली, एवढीच ती सूचना. इंग्रजीत नावापुढे एकच क्रियापद सगळ्यांना पुरतं. मराठीत 'झाला' की 'झाली' हे नाव कळल्याशिवाय ठरत नाही, आणि नाव तर यंत्र ऐन वेळी भरणार. मग मध्ये तिरकी रेघ मारून दोन्ही रूपं लिहिली जातात आणि वाक्य सरकारी फॉर्मसारखं दिसतं. त्याऐवजी 'यांनी गटात प्रवेश केला' असं लिहिलं की क्रियापद 'प्रवेश' या शब्दाशी जुळतं. नाव सुनीलचं असो की सुनीताचं, वाक्य सरळ उभं राहतं. यात नवा शोध काहीच नाही, शाळेतला कर्मणी प्रयोग आहे. त्या टिपणाला आवडीचे शेरे पडले मोजके. पण महिन्या-दीड महिन्यानं, ज्यांना मी फक्त नावानं ओळखत होते अशा एका गुजराती भाषांतरकार बाईंनी आपल्या व्यवस्थापकाला माझं नाव सुचवलं. गुजरातीत तोच पेच त्यांनाही पडत होता. माझं पहिलं नियमित काम ते.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी 1973 साली मांडलं होतं की नव्या नोकरीची खबर जिवलगांपेक्षा तोंडओळखीच्या माणसांकडून जास्त येते, कारण जिवलगांना जे ठाऊक ते आपल्यालाही ठाऊक असतं. 2022 साली 'सायन्स' या नियतकालिकात लिंक्डइनच्या सुमारे 2 कोटी सदस्यांवरचा अभ्यास आला. त्यात अगदी पुसट ओळखीपेक्षा मध्यम सैल ओळखी सर्वांत उपयोगी ठरल्या. तो अभ्यास नोकऱ्यांबद्दल आहे, पण माझ्या धंद्यात मी हेच पाहते. हजारो अनुयायांतून काम येत नाही. आपलं लिहिणं दोन-चारदा लक्ष देऊन वाचलेल्या पन्नासेक माणसांतून येतं.

म्हणूनच 'रोज काहीतरी टाकत राहा' हा सल्ला मला घातक वाटतो. वाचणारा तिथेच खिळून राहावा यात माध्यमाचा फायदा आहे, आणि मला काम मिळणं ही वेगळी गोष्ट आहे. कर्मणी प्रयोगापेक्षा माझ्या टेबलावरच्या चहाच्या कपाचा फोटो कितीतरी जास्त लोकांना आवडला. त्या कपानं मला एकही काम दिलं नाही. त्या आकड्यामागे धावणारी तरुण मुलं आठवड्यातले पंधरा-वीस तास बिनमजुरीचे घालतात आणि दर मात्र शब्दामागे तेवढाच ठेवतात, हे पाहून जीव तुटतो. हे तास कामाचेच आहेत. ते दरात धरायलाच हवेत.

शिवाय जागा आपली नाही. 29 जून 2020 ला सरकारनं 59 अ‍ॅपवर बंदी घातली, त्यात टिकटॉक होतं. महाराष्ट्रातल्या लहान गावांतल्या कितीतरी कलाकारांनी मेहनतीनं जमवलेला प्रेक्षक त्यांच्या हातून गेला. 4 ऑक्टोबर 2021 ला फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप सुमारे सहा तास बंद होती. तेव्हापासून मी प्रत्येक ओळखीचा ईमेल पत्ता एका साध्या वहीत लिहून ठेवते.

अनोळखी ग्राहकाबद्दलचा धडा महाग पडला. एकानं 'चाचणी' म्हणून आठशे शब्द फुकट करून घेतले आणि तो गप्प झाला. पुढे कळलं, इतर तिघांकडूनही त्यानं त्याच दस्तऐवजाचे वेगवेगळे तुकडे करून घेतले होते. आता तीनशे शब्दांपुढची चाचणी मी पैसे घेऊनच करते आणि लेखी कामआदेशाशिवाय सुरुवात करत नाही. उद्यम नोंदणीही केली आहे, कारण 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार नोंदणी असलेल्याचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज लागतं. आपल्यातल्या फार थोड्यांना हे माहीत असतं. परदेशी ग्राहकापुढे मात्र या कायद्याचा व्यवहारात उपयोग होत नाही, तिथे आगाऊ रक्कम मागावी लागते.

गेल्या महिन्यात एका व्यवस्थापकाला कोकणी भाषांतरकार हवा होता. सरकारी अर्जांतल्या कोकणीत मराठी शब्द किती आणि का शिरतात, यावर मडगावच्या एका मुलीनं लिहिलेलं टिपण मला आठवलं. सात-आठ महिन्यांपूर्वीचं असेल, चार-पाच जणांनीच वाचलेलं. ते शोधून काढलं आणि तिचं नाव पुढे पाठवलं. आमची भेट अजून झालेली नाही.