न ऐकलेला होकार

मागच्या वर्षी कोरेगाव पार्कातल्या एका बारमध्ये मित्र मला काहीतरी सांगत होता. डोक्यावर स्पीकर दणाणत होता. दोनदा मी "काय?" म्हणालो. तिसऱ्यांदा विचारायचा संकोच वाटला, म्हणून हसून मान डोलावली. आठवड्याने त्याचा फोन आला. "आईला वृद्धाश्रमात ठेवायचं नक्की केलं. तुलाही पटलं होतंच ना!"

माझा तो होकार खोटा होता का? खोटं बोलायचा हेतू नव्हता. पण ऐकल्याचा आव आणला होता, आणि त्या आवावर एका माणसाने निर्णय टेकवला होता.

गोंगाटात माणसाचा आवाज नकळत चढतो, हे एत्येन लोंबार या फ्रेंच डॉक्टरने १९११ साली नोंदवलं. एका टेबलाचा आवाज चढला की शेजारच्याचाही चढतो. उद्धट कुणीच नसतं, तरी सगळे ओरडत असतात. आणि ओरडून सगळंच बोलता येत नाही. बातमी सांगता येते, विनोद सांगता येतो. माफी, शंका, "मला काही सुचत नाहीये रे", हे ओरडून कसं सांगणार? गोंगाट नुसते शब्द बुडवत नाही. कोणतं बोलणं शक्य आहे, हेही तोच ठरवतो.

मग शांतताच हवी का? फर्ग्युसन रस्त्यावरच्या 'वैशाली'त संध्याकाळी कुठे शांतता असते? तरीही घरात बोलता न येणारं कितीतरी तिथे बोललं गेलं आहे. अगदी शांत हॉटेलात शेजारचं टेबल कान देऊन ऐकतं. माणसांच्या कलकलाटाचा मात्र पडदा होतो. तो ओसरतो, चढतो, आणि थोडं पुढे वाकलं की समोरच्याचं ऐकू येतं. स्पीकर कुणासाठीच थांबत नाही.

पण सगळा दोष स्पीकरवर ढकलणं सोयीचं आहे. दार दहा पावलांवर होतं. "चल, बाहेर जाऊन बोलू," एवढं म्हणायला मला कुणी अडवलं नव्हतं.

नंतर एका सकाळी 'गुडलक'मध्ये बन-मस्का मागवून मी त्याला खरं सांगितलं. तो बराच वेळ कपाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "डिपॉझिट भरलंय रे." थोडं थांबून त्याने सगळं पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.