हाकेच्या अंतरावर

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याच्या कायद्यात एक कलम आहे. बंदुकीने हरणाची शिकार करायला टोळीने गेलात, तर टोळीतला एक जण दुसऱ्याच्या परवान्यावरचं हरीण मारू शकतो. अट एवढीच, की गोळी झाडताना ते दोघं एकमेकांच्या नजरेच्या किंवा आवाजाच्या टप्प्यात असले पाहिजेत. फोनवरचा आवाज धरत नाहीत, वॉकीटॉकीही चालत नाही. आवाज मोठा करणारं एकच यंत्र कायद्याला मान्य आहे : कानात घालायचं श्रवणयंत्र. ज्याने कुणी हे लिहिलं, त्याने म्हातारे होत चाललेले भाऊ जवळून पाहिले असणार.

दरवर्षी नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी, इथे बंदुकीच्या शिकारीचा नऊ दिवसांचा हंगाम सुरू होतो. पाच लाखांहून अधिक लोक परवाना काढतात. गणपतीला चाकरमानी कोकणात उतरतात, तशी ही माणसं शुक्रवारी दुपारपासून गाड्या भरून रानाकडे निघतात. कमरेच्या वरच्या कपड्यांत निदान निम्मा भाग भडक नारिंगी असावा लागतो; २०१६ पासून भडक गुलाबीही चालतो. माणसाला तो मैलभरावरून दिसतो, हरणाच्या डोळ्याला मात्र मळकटच वाटतो. पेट्रोलपंपावर, चर्चच्या पायऱ्यांवर, दूध-पावाच्या रांगेत, जिकडे पाहावं तिकडे झेंडूची फुलं फुलल्यासारखी माणसं.

मॅडिसनमध्ये राहून मला सव्वीस वर्षं झाली. पंचवीस वर्षं मी हा शनिवार घरात बसून काढला, आणि शनिवारी आमच्याकडे सामिष नसतं हे कारण मनातल्या मनात पुढे केलं. गेल्या वर्षी शेजारीण म्हणाली, चल एकदा. ती निवृत्त नर्स, वय अडुसष्ट. तिला दोन भाऊ. नावं कशाला हवीत. थोरली, मधला आणि धाकटा म्हटलं की आपल्याला अर्धा स्वभाव कळतोच.

रिचलंड काउंटीत त्यांची ऐंशी एकर जमीन आहे. हिमयुगातल्या हिमनद्या या भागावरून फिरल्याच नाहीत, म्हणून विस्कॉन्सिनचा हा तुकडा उंचसखल राहिला : अरुंद दऱ्या, ओकची झाडं, ओढ्याकाठी मक्याची शेतं. वडील नऊ वर्षांपूर्वी गेले. जमीन तिघांच्या नावावर एकत्रच आहे. एकाने विकायचं म्हटलं तर काय, असं मी विचारलं. थोरली म्हणाली, "अजून कुणी म्हटलं नाही." तिने उत्तर इतक्या सहज दिलं, की मला माझ्या प्रश्नाचीच लाज वाटली.

लाज वाटायला कारण होतं. मराठीत 'भाऊबंद' या शब्दापासून 'भाऊबंदकी' झाला, आणि त्याचा अर्थ सांगायला कुणाला शब्दकोश लागत नाही. 'वाटणी' शब्द ऐकला तरी आपल्याला आधी मोजणीदार आठवतो. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क दिला. त्याबरोबर हक्कसोडपत्र नावाचा कागद घरोघरी ओळखीचा झाला. नाशिकच्या घराच्या वेळी माझ्याकडेही तो आला. मी सही केली. पाकिटात एक ओळ लिहावी असं वाटलं होतं, पण सुचली नाही. दादाचा मेसेज आला, 'मिळालं.' तेव्हापासून भाऊबीज माझ्या तिथल्या बँक खात्यात जमा होते आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या नोंदींत व्याजाच्या वरच्या ओळीत दिसते.

शुक्रवारी संध्याकाळी कॅम्पवर पोहोचलो. कॅम्प म्हणजे पत्र्याचं छप्पर, लाकडाची शेगडी आणि उंदरांचा वास. कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला वडिलांनी पेन्सिलने जमिनीचा नकाशा काढून ठेवला आहे. तीन मचाणं, आणि प्रत्येक मचाणापासून निघणाऱ्या दोन-दोन रेघा. त्या रेघांच्या मधल्या भागात गोळी झाडायची, बाहेर नाही. थोरलीने माझं बोट धरून मधल्याच्या मचाणावर ठेवलं. "या बाजूला आठ टोकांच्या शिंगांचा नर आला, बसून राहिला, जांभई दिली, तरी बंदूक उचलायची नाही." तिची मुलं, भाचे, भाच्या सगळे हे दार पाठ करून मोठे झाले. आमच्या घरात असा नकाशा कुणी काढला नाही. कुणाच्या दिशेने काय बोलायचं नाही, हे आम्हाला बोलून झाल्यावर समजायचं.

मग तिघं अंधार पडायच्या आत रानात गेले आणि आपापल्या झाडाखाली उभे राहून एकमेकांना हाका मारू लागले. खांद्याच्या ऑपरेशननंतर थोरलीला बंदुकीचा धक्का सोसत नाही. बंदूक ती तरीही नेते, कारण बंदुकीशिवाय कायदा तिला टोळीत धरत नाही. तिच्या परवान्यावरचं हरीण भावांपैकी कुणीतरी मारायचं. म्हणून ही तालीम. "ओ हो ऽऽ" अशी लांबट हाक, वडिलांची. धाकट्याने ओ दिली. मधल्याकडून काहीच नाही. पुन्हा हाक. पुन्हा शांतता. शेवटी धाकटा पळत गेला. मधला झाडाखाली बसून श्रवणयंत्राची बॅटरी बदलत होता. बॅटरी बसली, हाक मारली, ओ आली. थोरली माझ्याकडे वळून म्हणाली, "झालं. आता कायदेशीर."

मी नाशिकची. आमच्या घरापासून सीतागुंफा चालत दहा मिनिटांवर. लहानपणी पंचवटीतून शाळेला जाताना कांचनमृग कुठून पळाला असेल याच्या जागा आम्ही भावंडांनी ठरवून ठेवल्या होत्या. तेव्हा आमचं सगळं लक्ष हरणावर. त्या रात्री कॅम्पच्या खाटेवर पडल्या पडल्या पहिल्यांदा वाटलं, की त्या कथेत खरा घात हाकेने केला. मरताना मारीच रामाच्या आवाजात ओरडतो. सीतेला तो आवाज खरा वाटतो. लक्ष्मणाला वाटत नाही. हा दादाचा आवाज नव्हे, हे त्याला उमगतं. जन्मापासून ज्याची हाक ऐकत आलो, तिची नक्कल आपल्याला फसवू शकत नाही. तरीही तो जातो, कारण घरात त्याच्यावर झालेला आरोप त्याला सोसवत नाही. भावाला ओळखणं आणि भावावाचून घरात टिकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढं तरी ही कथा सांगते. कीर्तनकार यावर अधिक बोलतील, मी थांबते.

पहाटे साडेपाचला बाहेर पडलो. थंडी उणे आठ. पश्चिमेला मृग नक्षत्र मावळतीकडे झुकलेलं. मधल्याने बोट दाखवलं, "तो बघ शिकारी, ओरायन." मी त्याला सांगितलं, की आमच्याकडे त्याच ताऱ्यांत हरीण दिसतं, तुमच्या शिकाऱ्याच्या पट्ट्याचे तीन तारे म्हणजे हरणाच्या अंगात रुतलेला बाण, आणि तो मारणारा व्याध तिकडे खाली चमकतोय. तो बराच वेळ वर बघत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे गोळी लागून गेलेली आहे." संस्कृतात 'मृग्' म्हणजे शोधणं, मृगया हा शब्द त्यातूनच आला. ते मात्र मी त्याला सांगितलं नाही. थंडीत व्युत्पत्ती सुचत नाही.

शिकारीबद्दल माझं मत विचाराल तर ते एकसंध नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत पांढऱ्या शेपटीची हरणं काही लाखांवर आली होती. आज ती तीन कोटींच्या आसपास आहेत. मधल्या काळात रानातल्या प्राण्यांचं मांस बाजारात विकणं बंद झालं, आणि १९३७ च्या कायद्याने बंदुका-काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीवांसाठी राखून ठेवला. लांडगे मात्र बहुतेक ठिकाणी परतले नाहीत. त्यामुळे हरणं ओकची रोपं खाऊन टाकतात आणि रात्री गाड्यांखाली येतात. हे सगळं खरं. पण ही तिघं ओकच्या रोपांसाठी पहाटे चारला उठत नाहीत. निसर्गसेवेचा मुद्दा ते मांडतात तेव्हा मला तो, उपासाच्या दिवशी साबुदाणा पचायला हलका असतो म्हणणाऱ्यांइतकाच प्रामाणिक वाटतो.

याच राज्यात वन्यजीवतज्ज्ञ आल्डो लिओपोल्ड शिकवत असे. तरुणपणी त्याची खात्री होती, की लांडगे कमी झाले की हरणं वाढतील आणि शिकाऱ्यांची चंगळ होईल. पुढे वाढलेली हरणं डोंगर ओरबाडताना पाहून त्याने मत बदललं, आणि तसं लिहून ठेवलं. शिकार मात्र सोडली नाही. १९२२ मध्ये तो आणि त्याचा धाकटा भाऊ कार्ल मेक्सिकोत, कोलोरॅडो नदीच्या मुखाशी होडी वल्हवत फिरले. पंधरा वर्षांनी, १९३७ च्या डिसेंबरात, दोघं पुन्हा मेक्सिकोत गेले. या वेळी गाविलान नदीच्या खोऱ्यात, हरणांच्या मागे, आणि सोबत आल्डोचा थोरला मुलगा स्टार्कर. १९४८ मध्ये शेजारच्या शेतातला वणवा विझवताना आल्डो गेला. त्याचं प्रसिद्ध पुस्तक पुढच्या वर्षी निघालं. प्रवासातल्या डायऱ्या दुसरा मुलगा लुना याने १९५३ मध्ये छापल्या. मी त्या वाचायला घेतल्या त्या भावाभावांचं काही सापडेल म्हणून. पण कुठला पक्षी दिसला, मुक्काम कुठे पडला, असंच पान भरत जातं. कार्ल तिथे आहे, एवढंच. थोडी हिरमुसले. रिचलंड काउंटीतला तो शनिवार संपला तेव्हा कळलं, की डायरी लिहिणाऱ्याला याहून जास्त लिहिण्यासारखं काही नसेलही.

कारण दिवसभरात ही तिघं एकमेकांशी बोलली जेमतेम पंधरा वाक्यं. मी थोरलीबरोबर मचाणावर. हात बगलेत, पायांची बोटं बधिर. तिने एकदाच कुजबुजून मला शेजारचा चहाचा थर्मास दाखवला आणि एकदा लांबवर पाठ वळवून बसलेला नारिंगी ठिपका. "धाकटा. आठ वर्षांचा असताना असाच बसायचा, पाठ करून. रागावला की." पुढे अर्धा तास गप्प. समोरासमोर बसवलं असतं तर ही भावंडं तासाभरात आईच्या शेवटच्या आजारपणापर्यंत पोहोचली असती : कोण आलं, कोण आलं नाही, रात्रपाळी कुणी केल्या. रात्री पत्त्यांच्या डावात त्याची एक ठिणगी मी पाहिली होती. शीप्सहेड नावाचा जर्मन वळणाचा खेळ, ब्रँडी, आणि मधल्याचं एक वाक्य. थोरलीने पानं गोळा केली, दुसरा डाव वाटला. दार उघडं असतं तर नकाशाकडे बोटही केलं असतं.

आठ वाजून गेल्यावर एक गोळी. आवाज दरीत फिरून परत आला. थोरली हलली नाही. जखमी जनावराला पडायला वेळ द्यायचा असतो. मग तिने हाक दिली, आणि धाकट्याची ओ आली. तिच्या परवान्यावरचा नर.

मी मागचा पाय धरला. धरायलाच लागला, कारण थोरलीने बाह्या वर केल्या होत्या आणि दुसरं कुणी जवळ नव्हतं. हिवाळ्यातले हरणाचे केस आतून पोकळ असतात. हाताला वाळलेल्या गवतासारखे, ठिसूळ. त्याखाली अंग गरम. पोटातून वाफ निघाली आणि तिचा चष्मा धुकटला. चाळीस वर्षं माणसांच्या शरीरांजवळ उभं राहिलेल्या बाईचे हात होते ते. घाई नाही, शिव्या नाहीत, किळस नाही. धाकटा शेजारी उभा राहून आपली टोपी चुरगळत होता. "बाबा असते तर म्हणाले असते, गोळी चार बोटं मागे लागली," तो म्हणाला. "चार नाही, तीन," ती म्हणाली. एवढ्यात मधला कान दाबत आला, त्याला गोळी ऐकू आली होती पण हाक नाही. तिघांनी दोरीने नर ओढत नेला. ओढताना तिघंही पुन्हा लहान झाली. कोण जास्त ओढतंय यावर वाद.

मांसाचे तुकडे मधल्याच्या गॅरेजमध्ये झाले. टेबलावर चार ढीग, चौथा माझा. एक जण भिंतीकडे तोंड करून उभा राहतो, दुसरा एका ढिगावर सुरी ठेवून विचारतो, "हा कुणाचा?" भिंतीकडचा नाव घेतो. पंचवटीत आम्ही चोरलेल्या चिंचा अशाच वाटून घ्यायचो. दादा भिंतीकडे, मी बोट ठेवणार. एकदा त्याने सलग तीनदा माझंच नाव घेतलं होतं, आणि मला वाटलं होतं त्याला आरशात दिसतंय. पांढऱ्या जाड कागदात बांधून थोरलीने प्रत्येक पुडीवर मार्करने लिहिलं : मान, मांडी, पाठ, तारीख. आणि ताकीद दिली, की रिपोर्ट आल्याशिवाय कुणी खायचं नाही. २००२ मध्ये या भागातल्या हरणांत मेंदू पोखरणारा एक रोग सापडला. मानेतल्या गाठी तपासणीला जातात आणि निकालाला दहा-बारा दिवस लागतात. पुडी फ्रीझरमध्ये ठेवली.

चौथ्या दिवशी, इथली रात्र आणि तिथली सकाळ, मी दादाला फोन केला. सणवार नसताना केला, म्हणून त्याने उचलताच विचारलं, "काय झालं?"

"काही नाही. हरणाचं मटण आलंय घरी."

बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज. "शनिवारी खाल्लंस?"

"अजून खाल्लंच नाही. रिपोर्ट यायचाय."

"कुणाचा, हरणाचा?" तो म्हणाला, आणि हसायला लागला. वहिनी आतून विचारत होत्या, काय झालं, काय झालं. तो त्यांना सांगायला गेला आणि फोन तसाच चालू राहिला.