माघारीची वेळ आणि माघारीची रीत

निवडणुकीत कोणीतरी हरणार हे गृहीत धरूनच लोकशाहीचा सारा व्यवहार चालत असला, तरी हरणाऱ्याने आपली हार नेमकी केव्हा कबूल करावी, हा निर्णय उमेदवाराच्या विवेकाच्या अखत्यारीत सोडलेला असतो. एकाच पक्षातील दोन प्रतिस्पर्धी जेव्हा थोड्याशा अंतराने मागेपुढे असतात आणि उद्या दोघांनाही एकाच निशाणाखाली उभे राहायचे असते, तेव्हा तर हा प्रश्न विशेषच बिकट होतो. अमेरिकेच्या डेमोक्रॅटिक पक्षाची अध्यक्षपदाची उमेदवारी बराक ओबामांना मिळावी की हिलरी क्लिंटन यांना, या झगड्याने २००८ सालचे पाच महिने व्यापले, आणि पिछाडीवर असलेल्याने पक्षहितासाठी वेळीच दूर व्हावे की अखेरच्या मतदाराचा कौल मिळेपर्यंत टिकून राहावे, याचा ऊहापोह करण्यास त्याहून योग्य उदाहरण क्वचितच सापडेल.

त्या वर्षी ३ जानेवारीस आयोवा राज्यात श्रीमती क्लिंटन तिसऱ्या क्रमांकावर फेकल्या गेल्या, पाचच दिवसांनी न्यू हॅम्पशायरने त्यांना पुन्हा उभे केले, आणि पुढे फेब्रुवारीत ओबामांनी ओळीने इतकी राज्ये जिंकली की उमेदवारी ठरविणाऱ्या पक्ष-अधिवेशनासाठी निवडून आलेल्या प्रतिनिधींमध्ये त्यांची आघाडी शंभरावर गेली. त्या पक्षात प्रतिनिधींची वाटणी मतांच्या प्रमाणात होत असल्यामुळे ही आघाडी भरून काढणे फार दुष्कर होते; ४ मार्चला ओहायोत मोठा विजय मिळवूनही क्लिंटनबाईंच्या पदरात प्रतिनिधींची वाढ बेताचीच पडली. त्याच दिवशी रिपब्लिकन पक्षाची उमेदवारी जॉन मॅकेन यांच्याकडे निश्चित झाल्याने डेमोक्रॅटिक पक्षात अस्वस्थता वाढली, आणि मार्चअखेर व्हर्मॉन्टचे सिनेटर पॅट्रिक लेही यांनी क्लिंटनबाईंनी माघार घ्यावी असे जाहीरपणे सुचविले.

या सल्ल्यामागील भीती निराधार नव्हती. १९७६ मध्ये रोनाल्ड रेगन यांनी विद्यमान अध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांच्याशी कॅन्सस सिटीच्या अधिवेशनापर्यंत झुंज दिली, तेथे १,१८७ विरुद्ध १,०७० मतांनी हार पत्करली, आणि नोव्हेंबरात फोर्ड थोडक्यात पराभूत झाले. १९८० मध्ये एडवर्ड केनेडी यांनी जिमी कार्टर यांच्याशी न्यूयॉर्कच्या अधिवेशनापर्यंत तसाच सामना केला, आणि कार्टर यांच्या वाट्यास अखेर केवळ सहा राज्ये व राजधानीचा प्रदेश आला. स्वकीयांनी केलेला आरोप उद्या परकीयाच्या हातचे शस्त्र होतो, आणि आपसांत खर्ची पडलेला पैसा व वेळ परत मिळत नाही, हे कोणीही नाकारणार नाही.

तथापि या युक्तिवादात एक गोष्ट सिद्ध झाल्याप्रमाणे मानली जाते, ती म्हणजे निकाल लागलेलाच आहे. वस्तुस्थिती तशी नव्हती. एकूण प्रतिनिधींपैकी जवळजवळ एकपंचमांश, म्हणजे सुमारे आठशे जण, पक्षाचे लोकप्रतिनिधी व पदाधिकारी असल्याने कोणत्याही राज्याच्या कौलाने बांधलेले नव्हते, आणि त्यांच्या साहाय्यावाचून दोघांपैकी एकालाही बहुमत गाठणे शक्य नव्हते. शिवाय पेनसिल्व्हेनिया, इंडियाना, नॉर्थ कॅरोलायना आणि वेस्ट व्हर्जिनिया येथील नागरिकांनी अद्याप मतच दिलेले नव्हते. साक्षीपुरावा पुरा होण्यापूर्वी निवाडा सांगणारे न्यायासन जितके सदोष, तितकाच मतदान पुरे होण्यापूर्वी उमेदवारास घरी धाडणारा पक्षही सदोष होय. पुढे पेनसिल्व्हेनियात क्लिंटनबाई सुमारे नऊ टक्क्यांनी आणि वेस्ट व्हर्जिनियात चाळीस टक्क्यांहून अधिक फरकाने विजयी झाल्या. हे मतदार कोणाच्या तरी बेरजेत निरुपयोगी ठरले म्हणून त्यांचे मत निरर्थक होते, असे म्हणणे म्हणजे मतदानाचा हेतूच विसरणे होय.

आणखी असे की, एरवी ज्या राज्यांची पाळी येईपर्यंत उमेदवारी ठरून गेलेली असते, तेथे त्या वसंतात उमेदवार गावोगाव हिंडले, कार्यकर्ते उभे राहिले, नव्या मतदारांची नोंदणी झाली. नोव्हेंबरात ओबामांनी इंडियाना जिंकले, जे १९६४ नंतर कोणत्याही डेमोक्रॅटिक उमेदवारास मिळाले नव्हते, आणि १९७६ पासून दुरावलेले नॉर्थ कॅरोलायनाही मिळविले. याचे सारे श्रेय त्या लांबलेल्या झगड्यास देणे अतिशयोक्तीचे होईल, कारण त्या शरद ऋतूतील आर्थिक संकटाचा प्रभाव मोठा होता. परंतु झगड्याने पक्षाचा घात होईल हे भाकीत खोटे ठरले, एवढे निश्चित.

मात्र टिकून राहण्याचा हक्क अमर्याद नाही. मिशिगन व फ्लॉरिडा या राज्यांनी ठरल्या तारखेपूर्वी मतदान उरकल्याबद्दल पक्षाने त्यांचे प्रतिनिधी रद्द केले होते. प्रमुख उमेदवारांनी तेथे प्रचार न करण्याचे वचन दिले होते, आणि मिशिगनच्या मतपत्रिकेवर ओबामांचे नावही नव्हते. तरीही पिछाडी वाढू लागताच क्लिंटनपक्ष त्या मतांचा पुरता हिशेब मागू लागला, आणि अखेर ३१ मे रोजी पक्षाच्या नियम समितीला प्रत्येक प्रतिनिधीस अर्धे मत देण्याची तडजोड काढावी लागली. १९८० मध्ये केनेडींनीही प्रतिनिधींना त्यांच्या राज्याच्या कौलातून मोकळे करण्याची तजवीज केली होती, ती अधिवेशनाने फेटाळली. पिछाडीवरच्या उमेदवाराने उरलेल्या मतदारांकडे जाणे हा त्याचा अधिकार आहे. झालेल्या मतदानाचे नियम मागाहून बदलून घेणे हा अधिकार नव्हे. ही सीमारेषा ओलांडली की चिकाटीचे रूपांतर हट्टात होते, आणि पक्षाला खरा अपाय त्या हट्टानेच होतो.

३ जूनला माँटाना व साउथ डकोटा येथील अखेरचे मतदान झाले आणि ओबामांनी बहुमतासाठी लागणारा २,११८ चा आकडा ओलांडला. चारच दिवसांनी, जवळजवळ एक कोटी ऐंशी लाख मते पाठीशी असताना, क्लिंटनबाईंनी वॉशिंग्टनमध्ये माघार जाहीर करून आपल्या अनुयायांना ओबामांच्या कामी लागण्यास सांगितले, आणि २७ ऑगस्टला डेन्व्हरच्या अधिवेशनात ओबामांची निवड एकमुखाने व्हावी असा प्रस्ताव त्यांनी स्वतःच मांडला. मार्चमध्ये दडपणाखाली दिलेल्या होकाराला हे मोल आले नसते, कारण आपल्याला विचारलेच नाही असे म्हणणारे लक्षावधी मतदार मागे राहिले असते. म्हणून मला वाटते की पिछाडीवरच्या उमेदवाराने मतदान संपेपर्यंत निर्धाराने उभे राहावे, नियमांस बाध आणू नये, आणि निकाल स्पष्ट होताच क्षणाचाही विलंब न लावता प्रतिस्पर्ध्याच्या पाठीशी उभे राहावे. ज्याला शेवटपर्यंत लढू दिले, त्याचाच होकार पक्षाला बांधून ठेवतो.