शिवारातला कोल्हा, पुस्तकातला कोल्हा

मराठीतील छापील बालसाहित्याचा आरंभच प्राण्यांपासून झाला. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तंजावरला सरफोजी राजांच्या आश्रयाने इसापच्या कथांचे ‘बालबोधमुक्तावली’ हे मराठी रूप छापले गेले आणि पुढे १८२८ मध्ये सदाशिव काशिनाथ छत्रे यांची ‘इसापनीती’ आली. या कथांमध्ये प्राणी पानोपानी भेटतात, तरी त्यांच्याविषयी त्या फारसे काही सांगत नाहीत, कारण तेथे कोल्हा हे लबाडीचे नाव असते, गाढव मूर्खपणाचे आणि ससा गर्वाचे. नीतिकथेला ते शोभतेही. परंतु तीन ते सहा वर्षांच्या मुलासाठी निसर्गाचे पुस्तक निवडताना घरातील मोठी माणसे आजही ‘यातून बोध काय मिळतो’ हाच प्रश्न आधी विचारतात, आणि त्या प्रश्नापायी खुद्द प्राणी मुलाच्या नजरेआड राहतो.

जालना जिल्ह्याच्या परतूर तालुक्यातील वाटूरसारख्या गावात ही निवड शहरातल्यापेक्षा अधिक नाजूक ठरते. शहरातील मुलाला पुस्तकातून प्राण्याची पहिली ओळख होते, तर कापूस, तूर आणि सोयाबीनच्या शिवारात वाढणारे मूल पुस्तक हाती येण्याआधीच कितीतरी जिवांना ओळखत असते. मात्र ही ओळख बहुधा दोन कप्प्यांत विभागलेली असते. बैल, म्हैस आणि शेळी कामाची म्हणून उपयोगी. रोही, रानडुक्कर आणि बोंडअळी पिकाची नासाडी करतात म्हणून उपद्रवी. शेतकरी कुटुंबाच्या दृष्टीने हे कप्पे खोटे नाहीत, आणि त्यांना नावे ठेवण्याचा अधिकार पुस्तकाला नाही. चांगल्या पुस्तकाचे काम एवढेच की, या दोहोंच्या शेजारी त्याने एक तिसरे नाते उभे करावे, म्हणजे प्राणी कामाचा की नुकसानीचा हे ठरवण्याआधी तो काय करतो ते टक लावून पाहण्याचे.

एरिक कार्ल यांचे १९६९ साली प्रसिद्ध झालेले खादाड सुरवंटाचे चित्रपुस्तक जगभर वाचले जाते. त्यातील सुरवंट फळांपासून केकपर्यंत दिसेल ते खात सुटतो आणि शेवटी फुलपाखरू होतो. हेच पुस्तक वाटूरच्या अंगणवाडीत वाचले गेले, तर ऐकणाऱ्या मुलाला आठवणारी अळी वेगळी असेल, कारण ज्या अळीमुळे घरात काळजीचे बोलणे होते आणि फवारणीचा पंप बाहेर निघतो, ती गुलाबी बोंडअळी त्याच्या ओळखीची आहे. या दोन अळ्यांची भेट घडवून आणणारे पुस्तक त्या मुलाला हवे आहे. बोंडअळी कापसाच्या बोंडात शिरून आतली सरकी खाते, तिचा कोष होतो आणि कोषातून लहानसा, रात्री उडणारा पतंग बाहेर पडतो. शेतात टांगलेल्या कामगंध सापळ्यात, म्हणजे मादीच्या गंधासारख्या गंधाने नराला ओढून घेणाऱ्या सापळ्यात, अडकतो तो हाच. त्याच शेतात उभ्या केलेल्या पक्षिथांब्यांवर कोतवाल आणि साळुंकी येऊन बसतात व अळ्या टिपतात. कोणी कोणाला खाऊन जगते याची जी साखळी शाळेत पुढे ‘अन्नसाखळी’ या नावाने शिकवली जाते, ती येथे घरच्या बांधावर उभी असते. तिची चित्रे मात्र मुलांच्या पुस्तकांत क्वचितच सापडतात. कार्ल यांच्या मूळ इंग्रजी पुस्तकात फुलपाखराच्या कोषाला पतंगाच्या रेशमी कोषाचा शब्द वापरला गेला आहे, असा आक्षेप पूर्वीपासून घेतला जातो. मराठीत दोहोंना ‘कोष’च म्हणतात, त्यामुळे ती चूक भाषांतरात आपोआप झाकली जाते, पण त्याबरोबर एक सुंदर फरक सांगायचाही राहून जातो.

भाषांतराने सगळीकडेच अशी सोय होत नाही. युरोपीय कथेतील तांबूस अंगाचा, झुपकेदार व पांढऱ्या टोकाच्या शेपटीचा प्राणी मराठीत ‘कोल्हा’ म्हणून येतो. परंतु मराठवाड्यात रात्री ज्याची कोल्हेकुई ऐकू येते तो कोल्हा निराळा, आणि त्या युरोपीय प्राण्याचा आपल्याकडचा खरा भाऊबंद म्हणजे माळरानावरचे खोकड. खारीचेही तसेच आहे. पाठीवर पट्टे असलेली खार मुलाने कडुनिंबावर रोज पाहिलेली असताना पुस्तकात बिनपट्ट्यांची लाल खार छापली, तर मूल पुस्तकावर तरी अविश्वास दाखवते किंवा, जे अधिक वाईट, स्वतःच्या डोळ्यांवर. म्हणून किंमत आणि कागद पाहण्याआधी चित्र पाहावे.

बोलणाऱ्या प्राण्यांचा प्रश्न यापेक्षा गुंतागुंतीचा आहे. प्राण्यांना माणसाची भाषा, कपडे आणि मनोव्यापार देण्याला मानवीकरण म्हणतात. पॅट्रिशिया गॅनिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तीन ते पाच वर्षांच्या मुलांना अपरिचित प्राण्यांची चित्रपुस्तके वाचून दाखवली गेली. मानवीकरण केलेल्या भाषेमुळे मुलांचा प्राण्यांना माणसाचे गुण चिकटवण्याकडे कल वाढला आणि लहान वयाच्या मुलांच्या नवी माहिती शिकण्यावरही अशा पुस्तकांचा परिणाम झाला. यावरून शेणाचे आणि मेणाचे घर बांधणाऱ्या चिऊ-काऊला हद्दपार करावे असे मात्र ठरत नाही. ती गोष्ट खेळ म्हणूनच सांगितली जाते आणि मूलही ती तशीच ऐकते. माहिती देण्याचा आव आणून साप पुंगीच्या सुरावर डोलतो आणि दूध पितो असे सांगणारे पुस्तक खरे घातक, कारण सापाला बाहेरचे कान नसतात, तो पुंगीच्या हालचालीला प्रतिसाद देतो आणि दूध हे त्याचे अन्न नव्हे. ज्या गावात घोणस आणि मण्यार आढळतात, तेथे सापाविषयीची अचूकता हा निव्वळ पुस्तकी आग्रह राहत नाही.

ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि अनुताई वाघ यांच्यासह ते पुढे कोसबाडला नेले. पाने, बिया, शंख-शिंपले अशा परिसरातील वस्तूच तेथे बालवाडीचे साहित्य झाल्या. पुस्तक निवडतानाही हीच दृष्टी ठेवता येते. जिराफ आणि पेंग्विन नकोत असे यातून निघत नाही, कारण दूरच्या जिवांचे आश्चर्यही मुलाला हवेच. पण दहा पुस्तकांमध्ये एकही टिटवी, पिंगळा किंवा मृगाचा किडा नसावा हे अन्यायाचे आहे. पिंगळ्याला अशुभ मानणाऱ्या घरात तो उंदीर कसे पकडतो हे दाखवणारे एक पान पुरेसे बोलके ठरते. प्रमाण मराठीत ‘नीलगाय’ लिहिले असले तरी वाचून दाखवताना मूल ‘रोही’ म्हणेल, आणि तेव्हा त्याला न दुरुस्त करता त्या चित्राखाली दोन्ही नावे छापणारा प्रकाशक वाटूरला हवा आहे.